माझ्या तोंडाकडे बघून दिलेले पैसे

"हिची खुर्ची काढ रे," चेअरमन शिपायाला म्हणाला.

लातूरला पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत आम्हा पिग्मी एजंटांची, म्हणजे दुकानोदुकानी रोजची बचत गोळा करणाऱ्यांची, बैठक होती. मी देगलूरहून गेले होते. एवढंच विचारलं होतं, की मुदत संपलेल्या ठेवी बायकांना कधी मिळणार? शिपायानं खुर्ची ओढली. मी उभी. बाकीचे बसलेले, माना खाली घालून.

"तिजोरीत काय न्हाई. त्या बायांनी माझं तोंड तरी बघितलंय का? पैसे तुला दिले, जोडे बी तूच खा. अन् उद्यापासून वसुली डबल पाहिजे."

मी हात जोडले. "चुकलं साहेब," म्हणाले. त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या दोन शब्दांची मला आजही जास्त लाज वाटते.

हा माणूस एके काळी धान्याच्या मोंढ्यात अडत्याकडे मुनीम होता. मग पतसंस्था काढली, मग शाळा. माहूरच्या यात्रेत अन्नदान, पेपरात फोटो. आम्हीही त्याला देवमाणूस म्हणायचो. कसला देव! आमच्याच ठेवींतून पोराच्या नावानं जमिनी घेत होता.

देगलूरच्या बाजारात हसीनाआपाचं बांगड्यांचं दुकान. बोहनीचा पैसा कुठलाच दुकानदार दुसऱ्याला देत नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. आपा द्यायची. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट कपाळाला लावून थेट माझ्या हातात. "तुझ्या हाताला बरकत हाय, बेटी." पतसंस्थेचं नाव तिला धड घेता यायचं नाही. साठलेल्या पैशांतून हैदराबादला डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. उशीर केला तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशीही मी तिची बोहनी घेतली. सगळं माहीत असून घेतली. नोकरी जाईल म्हणून घेतली.

पुढं शाखेला कुलूप लागलं. चेअरमनला अटक झाली. मला साक्षीचं समन्स आलं, आणि पाठोपाठ त्याचा माणूस घरी.

"ताई, त्या बैठकीतलं तेवढं इसरून जावा. आपाचे पैसे उद्या घरपोच."

दोन दिवसांनी मी त्याला नाही म्हणून सांगितलं.

कोर्टात सगळं बोलले, माहीत असून बोहनी घेतली तेही. त्याचा वकील म्हणाला, "म्हणजे तुम्हीही चोर?"

"हाव," म्हणाले.

चेअरमनला शिक्षा झाली. पैसे काही आले नाहीत. जप्ती, अपील, तारखा. आपाची नजर गेली. आता ती गिऱ्हाइकाचं मनगट चाचपून बांगड्या भरते.

चेअरमनचा माणूस तिचे पैसे देऊ करत होता आणि मी नाही म्हटलं, हे मीच तिला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "डोळे माझे व्हते, बेटी. मला इचारायचं तरी."

खरंच, मी विचारलं नव्हतं. माझा ताठ कणा मी तिच्या डोळ्यांवर उभा केला होता. तिच्या दुकानातून मी रडत बाहेर पडले. तिनं परत बोलावलं नाही, आणि तिनं बोलवावं असा माझा हक्कही नव्हता.

आता नांदेडला त्याच्यावर दुसरा खटला उभा आहे. मला पुन्हा समन्स आलंय. मी जाणार. आधी माझी चोरी सांगणार, मग त्याची. आणि हसीनाआपाचे डोळे कुणी घालवले असं विचारलं, तर दोन नावं घेणार. पहिलं माझं.