वापरात असलेली विहीर

नातवंडांनो, सुमनचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या घरी तुम्हाला पाठवायच्या मेतकुटाच्या पुड्या बांधत होते. "मामी, आई गेल्या..." एवढंच ती बोलू शकली. तिची सासू म्हणजे तुमची यमूआजी, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं घर आणि घरापुढे विहीर. दिवसकार्याला आलेली मोठी माणसं तिच्या प्रेमळपणाबद्दल पुष्कळ बोलली. विहिरीचं नाव मात्र एकानेही काढलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

ती विहीर घरची कमी आणि वाटसरूंची जास्त. म्हसा गावच्या जत्रेला बैल घेऊन निघालेली माणसं तिथे हमखास थांबत, म्हणून यमू दोर-बादली काठावरच ठेवायची. नव्वदच्या दशकात वरच्या अंगाला पेट्रोल पंप झाला. काही वर्षांनी, ऐन जत्रेच्या दिवसांत, बैलांनी काठच्या दगडी डोणीत तोंड घातलं आणि फुरफुरत मागे सरले. पाण्याला रॉकेलसारखा वास येत होता, वर रंगीत तवंग होता. यमूने त्याच दिवशी विहिरीवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. चालती विहीर बंद करणं हे आपल्याकडे पाप. लोक तिला नाही नाही ते बोलले. एक बैलवाला तर ओरडला, "म्हातारे, मेल्यावर पानी संगती नेनार काय गो?" यमू म्हणाली, "नेईन. तू बैल हाक आधी. त्याला तुज्यापेक्षा अक्कल हाय."

तक्रारी करून आम्ही थकलो, तेव्हा कुठे पंपाच्या आवारात भूजल तपासायला नळ्या पुरल्या. त्यांना कुलपाची झाकणं होती, अधूनमधून सरकारी साहेब येऊन नमुना नेत. नळ्या कुठे? पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांच्या वर, चढाकडे. आणि पाणी वाहतं उताराकडे, यमूच्या विहिरीकडे! एकदा नमुना न्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि साहेबांना इंग्रजीत विचारलं, कारण इंग्रजी बोललं की निदान बसायला खुर्ची मिळते. विहिरीचा नमुना का नाही घेत? ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, विहिरीवर काटे आहेत. म्हणजे ती वापरात नाही. वापरात नसलेल्या विहिरीची तक्रार धरता येत नाही."

मुलांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. दुसऱ्यांच्या पोटात विष जाऊ नये म्हणून जिने शिव्या खाऊन विहीर बंद केली, तिची तक्रार त्या बंदीमुळेच बाद! आयुष्यभर मी दोन भाषांत वाचत आले, पण इतकं निर्लज्ज वाक्य मला कुठे भेटलं नाही. आपल्या शहापूरजवळून धरणाचं पाणी थेट मुंबईला जातं, आणि यमू उतारवयात डोक्यावर हंडा घेऊन गावाच्या टोकाच्या हातपंपावर जात होती...

साहेबांची जीप गेल्यावर तिने विचारलं, "वयनी, वापर म्हंजे काय?"

"पाणी काढणं," मी म्हटलं.

"मंग काढते."

तेव्हापासून रोज सकाळी ती काटे बाजूला करी, एक बादली ओढी, काटे परत लावी आणि ती बादली रस्त्याकडेने चढवत नेऊन पंपाच्या दारात ओती. पंपाचा शेठ चिडायचा, "अगं, लोक घसरतील ना!" ती म्हणायची, "तुजाच माल हाय, शेट. परत करते."

पुढे पंपाची जुनी टाकी उकरली. ती गंजून फुटलेली होती, खड्ड्याच्या वासाने साऱ्या आळीने नाक धरलं. नवी टाकी बसली. यमूची माफी कोणी मागितली नाही, आणि विहिरीचं पाणी "हळूहळू आपोआप सुधारेल" असं सांगून सगळे मोकळे झाले. ते सुधारलेलं नाही. ती गेली, तरी नाही.

दिवसकार्यानंतरच्या सकाळी मला यमूच्या घरी कप्पीच्या कुरकुरीने जाग आली. क्षणभर वाटलं... पण ती सुमन होती. बादली घेऊन ती चढाने पंपाच्या दारात पोचली, मी मागोमाग; तेवढ्यात साहेबांची जीप तिथे थांबली. नवे साहेब होते, कागद चाळत त्यांनी विचारलं, "बाई, ती खालची विहीर बंदच आहे ना?"

सुमनने बादली उचलली. "नाय साहेब. वापरात हाय. सरका जरा, पाय भिजतील."