अप्पांच्या रानातलं युरेनियम

ड्रिलिंगच्या कॅम्पवर युरेनियम निघो न निघो, किस्से रोज निघतात. नळदुर्गजवळच्या अशाच एका कॅम्पवर मी स्टोअर सांभाळतो. त्यामुळे मशीनचे पार्ट आणि किस्से, दोन्ही माझ्याकडेच जमा होतात!

* * *

मशीन लागली शिवलिंगअप्पांच्या रानात. पहिल्याच आठवड्यात पाणी लागलं. अप्पा धावत आले.

आमचे तरुण जिऑलॉजिस्ट साहेब म्हणाले, "अप्पा, आम्ही युरेनियम शोधतोय. काम झालं की भोक बुजवणार."

अप्पा माझ्याकडं वळले. "लागल्यालं पानी बुजिवतेत? अन् ह्यांला पगार बी मिळतो?"

* * *

अप्पांची खरी काळजी वेगळी होती. लेकीची, महादेवीची, सोयरीक येरमाळ्याला जमत आली होती आणि युरेनियमचं नाव ऐकून पाहुणे बिथरले होते. कंपनीच्या कुणीतरी त्यांना समजवावं, म्हणून अप्पा मॅनेजरकडं गेले.

"कुठल्या कंपनीच्या?" मॅनेजर म्हणाले. "काम एका कंपनीचं, ठेका दुसरीकडं, मशीन तिसरीची!"

"मंजी माझ्या रानातलं भोक नेमकं कुनाचं?"

"काही निघेपर्यंत कुणाचंच नाही."

"अन् निघालं तर?"

"मग तिघांचं!"

* * *

बोअरमधून दगडाचे गोल, गुळगुळीत तुकडे निघतात. ते खोलीप्रमाणे पेटीत लावून ठेवतात. एकदा एक तुकडा गायब! साहेब घामाघूम. शोधता शोधता स्वयंपाकघरात आले, तर कॅम्पवर स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई त्यानंच ठेचा कुटत होत्या.

साहेबांनी ओरडतच ठेच्याला रेडिएशनचं मीटर लावलं. मीटर शांत.

काशीबाई म्हणाल्या, "मशीन गप्प हाय, मग तुमी कशाला वरडताव?"

* * *

शेवटी पाहुण्यांचा निरोप आला: "घरात ते तपासायचं मशीन लावून दाखवा, मगच साखरपुडा." साहेब मीटर घेऊन अप्पांच्या घरभर फिरले. न्हाणीसुद्धा सोडली नाही. काही नाही!

अप्पांचा जीव भांड्यात पडला. महादेवी मात्र म्हणाली, "साहेब, आता त्यांच्याकडं बी लावा की!"

साहेब, अप्पा आणि मी येरमाळ्याला गेलो. मुलाचे वडील मंडपवाले. त्यांनी हसतच दार उघडलं, अप्पांना बैठकीत बसवून चहा दिला. आम्ही आतल्या खोलीत शिरलो आणि मीटर टरटरायला लागलं!

साहेबांनी कोपऱ्यातलं खोकं उघडलं. "गॅसबत्तीच्या जुन्या जाळ्या आहेत. यांत थोरियम असतं, त्यानंही मीटर वाजतं. खोकं बंद ठेवा, एवढंच."

मुलाच्या वडिलांनी खोकं घाईनं बंद केलं, बैठकीत आले आणि म्हणाले, "मग अप्पा... साखरपुडा कवा धरायचा?"

अप्पांनी कपातला चहा सावकाश संपवला, टोपी नीट केली आणि उठले.

"घरी जाऊन कळवतो."