गट्ट्याची टायरं

सुनेनं वही आणून पुढ्यात टाकली. म्हणाली, "मामंजी, रोज जेवताना सांगता ते एकदा लिहून काढा, म्हणजे आमचं जेवण तरी गरम राहील." मी तिसरी नापास. माझ्याकडून लिहून घेणं म्हणजे म्हशीकडून झाडू मारून घेणं. पण तिचा भाऊ पिकअप घेतोय आणि टायर कुठलं घालावं यावर त्याला झोप येत नाही, सगळीकडं चालणारं की चिखलाचं. याचं उत्तर एका ओळीत आहे. एका ओळीत कुणाला नको असतं, सगळ्यांना किस्से पाहिजेत.

ड्रायव्हरकडं किस्से साठतात याचं नवल नाही. गाडी नीट पोचली की कुणी लक्षात ठेवत नाही, अडकली की पंचवीस वर्षं सांगतात. मी आयुष्यभर अडकत आलो. शुद्धलेखन सुनेनं बघावं.

*

सत्तर सालानंतरची गोष्ट. पोशीरच्या विठूशेठच्या गाडीवर मी ड्रायव्हर. विठूशेठची भाताची गिरणी होती. गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातली जीप, मागचा भाग कापून लाकडी हौदा बसवलेली. तांदूळ खोपोलीला एका कारखान्याच्या कँटीनला टाकायचा आणि येताना खताची पोती भरून वाड्यांवर पोचवायची. म्हणजे अर्धा रस्ता डांबरी, आणि उरलेला अर्धा रस्ताच नाही.

मागची टायरं गोटा झाली होती. नक्षी पार गेलेली, हात फिरवला तर मडक्यावरनं फिरवल्यासारखा. कर्जतला उस्मानमामाच्या दुकानात गेलो, मी आणि शेठ. मामानं दोन तऱ्हा पुढं केल्या. एक मिक्स, मधे सरळ रेघा आणि कडेला बारके गट्टे. दुसरं मिलिटरीचं, नुसतं गट्ट्याचं. दोन गट्ट्यांच्या मधे बिडीचं बंडल बसेल एवढी फट. मी म्हटलं, गट्ट्याचं. तिथं खोपोलीचा गोविंदा ड्रायव्हर हवा भरत उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, मिक्स.

शेठ म्हणाला, "मामा, दोन्हीकडं चालंल असं नाय का एखादं?"

मामा म्हणाला, "हाय ना शेठ. मिक्स दोन्हीकडं चालतं. आन् दोन्हीकडं थोडं थोडं अडकतं."

शेठनं गट्ट्याची घेतली. पण दुकानात, सगळ्यांच्या देखत मला म्हणाला, "टायर तुझ्या हट्टाचं हाय. पावसाळ्यात त्याच्यापायी काय बोंब झाली, तर किल्ली माझ्या हातात द्यायची आन् घरी बसायचं."

मला जमीन नव्हती. घरात खाणारी पाच तोंडं. स्टिअरिंग सोडून दुसरं काही येत नव्हतं. मी हो म्हटलं.

मिलिटरीची टायरं चारांच्या लॉटमधे यायची, फोडून मिळत नसत. दोन गाडीच्या मागं बसवली, पुढची जुनी चांगली होती. उरलेली दोन शेठ घरी घेऊन गेला.

*

गट्ट्याचं टायर डांबरावर ओरडतं. घूंऽऽऽ असा आवाज, मैलभर आधी ऐकू येणारा. नेरळच्या फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं तो ऐकून पिशव्या उचलायची, रांग लावायची. मग मी यायचो. पिशव्या परत खाली. त्यात एक म्हातारी होती, ती मला रोज शिवी द्यायची. एसटी उशिरा यायची ती जशी काय माझ्या सांगण्यावरनं.

शेठची बायको, काकू, आवाज आला की माझ्यापुरती भाकरी तव्यावर टाकायची. भाकरी व्हायला जेवढा वेळ, तेवढ्यात मी दारात पाहिजे. एकदा वाटेत चहाला थांबलो.

काकू म्हणाली, "कुठं टेकला रं? भाकरी करपली."

त्या टायरांवर मी परत कधी चोरून चहा प्यालो नाही. प्यायला मिळालाच नाही.

*

आता खोटं कशाला बोलू? ओल्या डांबरावर गट्ट्याचं टायर म्हणजे साबणाची वडी. खोपोलीला कारखान्याच्या फाटकाशी ब्रेक मारला तर गाडी गरकन फिरली आणि बरोब्बर फाटकात आडवी उभी राहिली. नाक एका खांबाशी, शेपूट दुसऱ्या खांबाशी. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

फाटकावरचा वॉचमन छत्री घेऊन आला. गाडीला काय झालं, तुला लागलं का, काही नाही. वही उघडली आणि विचारलं, "आत लिहू का भाएर?"

तेवढ्यात पाळी सुटली. तीनशे-चारशे माणसं आतनं आली आणि माझ्या हौद्यावर चढून एकेक करून बाहेर उतरली. तांदळाच्या पोत्यांवर पाय देऊन. त्यांतला एक उतरताना म्हणाला, "ड्रायव्हर, उद्या पण हितंच लावा. जिना बरा हाय."

वॉचमननं सगळ्यांना बाहेर लिहिलं. गाडी शेवटपर्यंत लिहिली नाही.

हे शेठला गोविंदानं जाऊन सांगितलं. शेठ गिरणीच्या दारात बसून माझ्या हातातल्या किल्लीकडं बघत राहिला.

*

गोविंदाचं पण सांगतो. त्यानं स्वतःच्या गाडीला मिक्स घातली होती आणि स्टँडवर सगळ्यांना टायर वाकून बघायला लावायचा. पावसात वाडीवर विटा घेऊन निघाला. मी खत घेऊन पुढं, तो माझ्या मागं. ओढ्यापलीकडच्या चढणीला मी निघालो, तो राहिला. मिक्सच्या रेघांत चिखल भरला की टायर परत गोटा. चाक फिरतंय, गाडी जागेवर.

मी उतरलो, दोर लावला, ओढून वर काढला. भर पावसात, गुडघाभर चिखलात.

गोविंदा वर आला, पाय झटकले आणि म्हणाला, "तुझ्या गट्ट्यांनी रस्ता उकरून ठेवला म्हणून अडकलो. नायतर मी निघालोच होतो."

सुनेच्या भावासाठी एका ओळीतलं उत्तर इथं लिहितो, नंतर विसरेन. रोज डांबरावर असशील तर मिक्स घे. चिखलात जाऊन परत घरी यायचं असेल तर गट्ट्याचं घे. यातलं कुठलंही घेतलं तरी गोविंदासारख्याला दोर लावू नकोस.

*

गंगाराम आबा. शेठच्या गिरणीला लागून त्याचं शेत. साधा माणूस, बोलायला गोड. त्यानं खताची चार पोती मागवली आणि म्हणाला, "घरी नको टाकू. शेतातच आण रं, तुझं टायर काय ऐकतंय व्हय!"

मी फुगलो. घातली गाडी शेतात. शेतात लावणीआधीचं पाणी साठलेलं. आबा बांधावर उभा राहून हात करत होता. हितं नको, त्या कोपऱ्यात. गेलो. तिथं नको, पाणी फार हाय, ह्या अंगाला घे. घेतली. आता वळव. उलटी वळव. कडंकडंनं ये. मी टायर दाखवायच्या नादात गरगर फिरवतोय. बांधावर बाया जमल्या. कुणी हसत नव्हतं, त्यावरनंच मला कळायला पाहिजे होतं.

तासाभरानं आबानं हात वर केला. "बास. झालं."

"पोती कुठं टाकू?"

"पोती घरी टाक. हितं भिजतील."

लावणीआधी शेताचा गाळ करायला दोन बैलजोड्या दिवसभर लागतात. त्याला आमच्याकडं चिखलणी म्हणतात. आबाचं सगळं शेत चिखलून झालं होतं. पेट्रोल शेठचं, टायर शेठचं आणि बैल मी.

स्टँडवर हे आठ दिवस चाललं. कुणी मला वैरण विचारायचं, कुणी शिंगं. एक दिवस आबा समोर आला आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आबा, परत तुझ्या शेतात गाडी घातली, तर तुझ्या आवणातनंच घालीन."

आवण म्हणजे भाताची रोपं. एका वाफ्यात वाढवतात, मग उपटून शेतभर लावतात. आवण गेलं की त्या वर्षाचं भात गेलं. हे बोलायचं नव्हतं. बोललो.

*

आणि चौथ्या दिवशी सकाळी आबाचं आवण चिरडलेलं सापडलं.

मी गिरणीवर पोत्यांना दोर बांधत होतो. बोलावणं आलं म्हणून गेलो तर बांधावर निम्मा गाव. हिरव्यागार वाफ्यातनं दोन पट्टे आरपार गेलेले, रोपं गाळात दाबलेली, वर गढूळ पाणी साठलेलं. आणि बांधाच्या कडेला, जिथं माती घट्ट होती, तिथं ठसा. गट्ट्याच्या टायरचा. तालुक्यात तसली टायरं दुसऱ्या कुणाच्या गाडीला नव्हती, हे मीच सगळ्यांना सांगत फिरलेलो.

आबा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला. "मी मस्करी केली रं. तू पोटावर पाय दिलास."

मी म्हटलं, मी नाही. कुणी माझ्याकडं बघेना. स्टँडवर काय बोललो ते सगळ्यांनी ऐकलेलं. गोविंदा तर खोपोलीहनं मुद्दाम आल्यासारखा पुढं उभा होता.

शेठ आला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यानं ठसा बघितला आणि माझ्यापुढं हात पसरला. "किल्ली."

मी दिली. सगळ्या गावादेखत दिली. शेठ म्हणाला, "चोर बरा. चोर गरिबाच्या आवणात गाडी घालत नाय."

घरी जायला वळलो. पण बायकोला काय सांगू? चपला काढल्या आणि त्या वाफ्यात उतरलो. कोण तरी म्हणालं, आता काय उरलंय म्हणून तुडवतो. मी पट्ट्यांच्या मधनं चालत गेलो, वाकून, या बांधापासून त्या बांधापर्यंत. पलीकडच्या बांधाशी थांबलो.

"शेठ, जरा हितं या."

शेठ आला नाही. आबा आला. बाकीचे त्याच्या मागनं आले.

मी बोट दाखवलं. दोन्ही पट्ट्यांच्या बरोब्बर मधे, बांधावर, शेणाचा पो. पुढं दहा पावलांवर दुसरा.

मी म्हटलं, "माझी गाडी पेट्रोल पिते. शेण टाकत नाय."

पट्टे बांधावरनं उतरून सरळ गिरणीच्या मागं जात होते, शेठच्या मांडवात. सगळी माणसं तिकडं वळली. मांडवात शेठची बैलगाडी उभी होती. जुनी लाकडी चाकं काढून भिंतीला टेकवलेली. गाडीला नवी टायरं, गट्ट्याची. गट्ट्यांच्या मधे हिरवी रोपं अडकलेली, अजून ओली. रात्री अंधारात बैल वाट सोडून वाफ्यात शिरले असणार.

शेठ धोतर सोडून खाली करत होता. किल्ली त्यानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "खोपोलीला उशीर होतोय."

शेठच्या स्वतःच्या वाफ्यातलं निम्मं आवण त्या दिवशी आबाच्या शेतात गेलं. ते जीपमधनं मीच नेलं. आबा संध्याकाळी घरी आला, हात जोडून उभा राहिला. मी म्हटलं, बस, चहा घे. आबाचा विषय तिथं संपला. गोविंदानंसुद्धा पुढं कधी तरी बिडी पुढं केली, ती मी माफी धरून चाललो.

विठूशेठ आता नव्वदीला टेकला. लग्नाकार्यात भेटतो, माझा हात धरतो, टायरं कशी होती रं ती, म्हणून विचारतो. चांगली होती म्हणतो मी, आणि त्याच्या तोंडाकडं बघत थांबतो. मग तो जेवायला जातो.

वही भरली. माझं येणं एकच राहिलंय, ते इथं लिहून ठेवतो. विठूशेठ गिरणीवाला, पोशीर.