पुलाला लावलेला गिलावा

नववीत शाळा सोडली आणि भंडाऱ्याकडच्या भातखाचरांतून मी थेट बारामतीत येऊन पडलो, ते एका इंजिनिअर साहेबांमुळे. जुने पूल तपासायचं त्यांचं काम. आधी त्यांनी मला शिडी धरायला घेतलं, मग तपासणीची हातोडी हातात दिली. ती खिळे ठोकायची नव्हे. काँक्रीटवर दाबली की आतली स्प्रिंग उसळायची आणि आकडा दाखवायची. काँक्रीट टणक तर आकडा मोठा. मी तो ओरडून सांगायचो. संध्याकाळी खोलीवर वीज असली, तर ते आकडे कॉम्प्युटरमध्ये जात. पडद्यावर नुसत्या रेघांचा पूल दिसे आणि त्यावर ट्रकचं वजन टाकून साहेब बघत, किती वाकतो. ज्यांनी मला पोटाला लावलं त्यांच्या कामात आपला आकडा चुकला तर, ह्या धास्तीनं मला झोप लागत नसे.

इंदापूरच्या बाजूला ओढ्यावर असाच एक पूल होता. पलीकडं आबांचा टोमॅटोचा मळा. न मागता दुपारची भाकरी ते आम्हाला आणून देत आणि एकच विचारत, "बंद तर न्हाय ना करनार?" पूल बंद झाला तर मळ्यावर टेम्पो येणार नव्हता.

पहिल्या खेपेला तुळयांच्या भेगा नुसत्या बघून आलो. पुढच्या खेपेला हातोडी घेऊन गेलो, तर भेगा गायब! खालून सगळ्या तुळयांना गुळगुळीत गिलावा आणि वरून चुना.

"आबा, हे काय केलंत?" साहेब मटकन खालीच बसले.

"तुमी बगाया येनार, मंग पूल तसाच दावायचा व्हय? पोरगी दावताना तोंड धुतोच की!"

आता हातोडीनं गिलाव्याचा आकडा दिला असता, पुलाचा नाही. मग छिन्नी घेऊन मीच तो खरवडत बसलो. मान वर, डोळ्यांत चुना. खांदे इतके भरून आले की रात्री कूस बदलवेना. शिडी आबांनीच धरली होती. खपली पडून भेग दिसली की ते ओढ्याकडं बघत. मधल्या तुळईत तर गंजलेली सळई उघडी पडली. तिथला लहानसा आकडा मी हळूच सांगितला.

"मोठ्यानं सांग," साहेब म्हणाले.

सांगितला. होता तेवढाच.

जड वाहनं बंद झाली. दोन्ही टोकांना टेम्पोही अडेल असे लोखंडी आडवे खांब बसले. त्या दुपारीही भाकरी आली.

तिथलं काम संपवून निघायच्या सकाळी आबांच्या पाया पडायला गेलो. टेम्पो अलीकडंच उभा होता आणि आबा डोक्यावर टोमॅटोचं खोकं घेऊन पूल ओलांडत होते. मळ्यात जाऊन मीही एक खोकं उचललं. मधल्या तुळईवर आल्यावर पाय आपोआप बिचकत पडू लागले.

"तुज्या वजनानं न्हाय पडत त्यो," दुसरं खोकं घेऊन मागून येणारे आबा म्हणाले. "चल बिगीबिगी, टेम्पोवाला खोळंबलाय."