फादरच्या गाडीचे चार टायर

नेविया ब्रनेलिचने भर मिस्सा चालू असताना फादर क्विरिनच्या गाडीचे चारही टायर काढून नेले, अशी कुजबुज त्या एप्रिलात आमच्या सगळ्या ग्रोबनिक गावभर होती. पाहणारे होते. प्रवचन लांबलं की आमच्याकडचे निम्मे पुरुष सिगरेट ओढायला चर्चबाहेर येतात, त्यांनी पाहिलं. त्यांत मीही होतो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो: फादरची पुंटो भिंतीकडेला जॅकवर उभी होती आणि नेविया एक टायर लोटत टायरवाल्या एगॉनच्या टेम्पोकडे नेत होती. पुढचं मी पाहिलं नाही, कारण आतून घंटा वाजली आणि बायकोने दारातून डोळे वटारले. पण पुढचं पाहिलं नाही म्हणून बोलायचं थांबतं थोडंच? दुपारचं जेवण व्हायच्या आत चार घरी सांगून झालं होतं.

आता नेविया म्हणजे कुणी उनाड पोर नव्हे. चोपन्न वर्षांची, ठेंगणी, मनगटं सुतारासारखी. बावीस वर्षं ती रियेका शहरातल्या इस्पितळाची गाडी चालवते. डायलिसिसच्या पेशंटना घरून उचलायचं आणि मशीनवरून सुटले की घरी पोचवायचं, हे तिचं काम. माझी मेहुणी तीन वर्षं तिच्या गाडीतून जायची. म्हणायची, "डोंगर उतरताना डोळा लागतो हो. वळण कधी आलं नि कधी गेलं, पत्ताच लागत नाही."

आणि हीच बाई सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालून खालच्या माळावरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर. तिथे मोटार क्लबचे दिवस असतात. शर्यत नाही, कप नाही. आपापली गाडी आणायची आणि रस्त्यावर जे करता येत नाही ते मोकळेपणी करायचं. नवख्यांच्या शेजारी क्लबचा एक जाणकार बसतो, त्याच्या छातीवर पिवळा बिल्ला असतो. अध्यक्ष लिबेरो सुपेरिना, धंद्याने दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड कायम उघडं आणि भरलेलं, त्यामुळे एकट्यानेच बोलायची त्याला जन्माची सवय.

तीन वर्षांपूर्वी खाटकाची बायको साबिना हौसेने आली होती. लिबेरो तिच्या शेजारी बसला आणि तीन फेऱ्या नुसता ओरडत सुटला. "ब्रेक! आता ब्रेक! अहो बाई, तो क्लच!" साबिना उतरली ती रडतच, आणि हेल्मेट तिथेच कठड्यावर ठेवून निघून गेली. नेवियाने ते हेल्मेट उचललं, लिबेरोपुढे जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, बिल्ला मिळायला काय करावं लागतं?"

"कुणाला? तुला?" लिबेरो हसला. "नेवियाबाई, पेशंट नेणं वेगळं नि हे वेगळं."

"काय करावं लागतं ते सांगा."

सांगावं लागलं. पाच फेऱ्या एकामागून एक, गाडीत घड्याळ नाही. एकही फेरी दोन मिनिटं दहा सेकंदांच्या वर जायची नाही, आणि सगळ्यात जलद व सगळ्यात मंद फेरीत एका सेकंदाहून जास्त अंतर पडायचं नाही. आयुष्यात तीनच संधी. तिसरी हुकली की दार कायमचं बंद.

पहिल्या वर्षी नेवियाने कोरे करकरीत टायर चढवले. दोन फेऱ्या छान गेल्या. तिसरीत टायर तापले आणि गाडी साबणावर चालल्यासारखी घसरू लागली. दुसऱ्या वर्षी लिबेरोने मोठ्या मनाने सल्ला दिला: ट्रॅकचे मऊ टायर लाव, सगळे जाणते तेच लावतात. तिने लावले. त्या दिवशी डोंगरावरून बोरा वारा सुटला होता, डांबर बर्फासारखं थंड. मऊ टायर आधी तापायलाच तयार नाहीत, आणि तापले तेव्हा असे चिकटले की चौथी फेरी पहिलीपेक्षा चार सेकंदांनी जलद. लिबेरो म्हणाला, "चल, इस्पितळाच्या गाडीला ड्रायव्हर तर टिकला."

तिने घरी जाऊन बटाटा घालून शिजवलेली मक्याची पालेंता आणि चीज खाल्लं म्हणे, आणि हिवाळाभर त्या टायरांचाच विचार केला.

एप्रिलात एगॉनच्या टायरच्या दुकानात गाव लोटतं. हिवाळी टायर काढायचे, उन्हाळी चढवायचे. ज्याचे त्याचे टायर खडूने नाव घालून मांडणीवर रचलेले. माझी तिथल्या बाकावर जागा ठरलेली आहे. बायकांना केशकर्तनालय, तसं आम्हांला ते. तर एका सकाळी नेविया टायरच्या खाचांची खोली मोजायची पट्टी घेऊन आली आणि मांडणीवरचा एकेक टायर तपासू लागली.

"अगं ए, टायर बघतेस की टरबूज?" एगॉन म्हणाला.

"अर्धे झिजलेले हवेत. चार मिलिमीटर उरलेले. चारही सारखे, एकाच आठवड्यात बनलेले."

"लोक माझ्याकडे नवे घ्यायला येतात गं बाई!"

"नव्याचं रबर उंच असतं. वळणात ते लवतं, लवून लवून तापतं नि मग हात सोडतं. अगदी गुळगुळीत झालेला पावसात मारतो, आणि मला सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचंय. अर्ध्यावर आलेला टायर स्थिर डोक्याचा असतो."

"माझ्यासारखा."

"तू गुळगुळीत झालायस," ती म्हणाली, आणि एगॉनने टक्कल पुसलं.

खाटकाचे टायर तिने नाकारले, आतल्या कडेने खाल्लेले होते म्हणून. मास्तरांच्या एकाला ठिगळ होतं. मग माझ्या टायरांवर हात फिरवून म्हणाली, "काका, तुम्ही गाडी लावता की आदळता? पदपथाने चावे घेतलेत नुसते." बाकावरचे सगळे हसले. मी चहाड्या सांगतो खरा, पण स्वतःची ऐकायला आवडत नाही, म्हणून मी कॉफीत साखर ढवळत बसलो.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी फादर क्विरिन हवा भरायला आले. फादर मार्चातल्या सेंट जोसेफच्या सणालाच टायर बदलून मोकळे होतात, हवा कशीही असो. तीन गावांची चर्चं त्यांच्याकडे, आणि गाडी चाळिसाच्या वर नेत नाहीत. या गावात थांबायचं असेल तर मागच्या गावापासून गाडी हळू करत आणतात. त्यांच्या मागे अडकून मी जेवढ्या शिव्या घातल्यात, तेवढ्यांचं पापनिवेदन त्यांच्यापुढेच करावं लागलंय.

नेविया उठली आणि नमस्काराआधी त्यांच्या चाकापाशी गुडघ्यावर बसली.

"नेविया, बाळ, माझ्या पायाशी वाकायची गरज नाही," फादर म्हणाले.

"तुमच्या नाही फादर, गाडीच्या."

तिने पट्टी घातली. आत चार, मध्ये चार, बाहेर चार. चारही चाकांना तेच. कडेवरचे आकडे वाचले, चारही टायर एकाच आठवड्यातले. तिची नि फादरची, दोन्ही गाड्या पुंटोच, तेव्हा मापही तेच. एगॉन घाबरून कुजबुजला, "अगं, ते देवाच्या कामाचे आहेत."

"देवाचं काम नव्यावरही चालतं," ती म्हणाली आणि फादरना घेऊन बाहेर गेली. दोघं काय बोलली ते बाकावरून ऐकू आलं नाही. फादरनी मान हलवली एवढं दिसलं, पण पाठीमागून होकार कुठला नि नकार कुठला!

मग तो रविवार, ती सिगरेट, ती कुजबुज. फादरना सरळ विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि नेवियाला विचारलं तर ती म्हणायची, "बोला, बोला, तेवढाच व्यायाम."

पुढच्या शनिवारी क्लबचा दिवस. बोरा पुन्हा सुटलेला, झेंड्याच्या दोऱ्या खांबावर आपटत होत्या. लिबेरोच्या टोळीने मऊ टायरांना विजेची गरम पांघरुणं गुंडाळली होती.

"नेवियाबाई," लिबेरो सगळ्यांदेखत म्हणाला, "ऐकलं, यंदा टायर मंतरलेले आहेत. आणि चोरलेलेसुद्धा!"

"डॉक्टर, तुमच्या टायरांना सर्दी झालीय का? दुलई घेऊन बसलेत."

ती हेल्मेट घालून गेली. दोन फेऱ्या नुसत्या टायर तापवायला मारल्या, आत आली, गरम टायरांतली हवा मोजली, आणि वाढलेली तेवढी सोडून दिली. बाहेरच्या बाजूच्यांतून थोडी जास्त. मग घड्याळवाल्याने झेंडा दाखवला.

पहिली फेरी, दुसरी. कठड्यावरून बघायला मजा नव्हती. ना टायर किंचाळले, ना धूर निघाला. माझा शेजारी म्हणाला, "ही पेशंट घेऊन निघालीय की काय?" तिसऱ्या फेरीला लिबेरोच्या टोळीतला एकजण ट्रॅकवर तिच्यापुढे निघाला. त्याच्या टायरांची दुलई काढून दहा मिनिटं झाली होती, बोऱ्याने ते पुन्हा गार केलेले. उताराच्या वळणावर तो गरागरा फिरला आणि कडेची खडी उधळत बाहेर गेला. खडी ट्रॅकवर. नेविया मागून येत होती. नियम असा की थांबलात तर संधी संपली.

तिने ब्रेक ठोकला नाही. थोडं आधीच पाय काढला, गाडी हातभर आत घेतली, खडीच्या कडेने काढली आणि वळण संपायच्या आत पुन्हा जोर दिला. मला माझी मेहुणी आठवली.

पाच फेऱ्या झाल्या. घड्याळवाल्याने कागद लिबेरोकडे दिला. लिबेरोने चष्मा पुसून तो वाचला, मग बिनचष्म्याने वाचला. सगळ्या फेऱ्या दोन मिनिटं आठच्या आसपास. जलद आणि मंद यांत अंतर पाऊण सेकंदाचंही नव्हतं.

"टायर चोरीचे निघाले तर हे बाद," तो म्हणाला.

"पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत बिल्ला माझ्याकडे द्या."

आजूबाजूला वीसपंचवीस माणसं उभी होती आणि सगळी लिबेरोच्या हाताकडे बघत होती. त्याने सही केली आणि बिल्ला दिला. नेवियाने तो लावला, गाडीतून साबिनाचं हेल्मेट काढलं आणि तिला फोन केला. साबिना तासाभरात आली. तिच्या पहिल्या फेरीत गाडीतून काहीच आवाज ऐकू आला नाही. दुसरीत साबिना हसत होती.

आता त्या टायरांचं. नेवियाने फादरना चार नवे टायर घेऊन दिले आणि बदल्यात त्यांचे झिजलेले घेतले. फादरनी आधी नको म्हटलं, मग हो म्हटलं. मिस्सा संपली की त्यांना लगेच दुसऱ्या गावी जायचं होतं आणि एगॉनला तेवढाच तास मोकळा होता, म्हणून ते काम मिस्सा चालू असताना झालं.