रस्त्यापलीकडून आलेला मेसेज

गेल्या रविवारी सकाळी माझे मिस्टर एकटेच औषधं आणायला गेले. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल... पण दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली, आणि तेव्हापासून माझा हात धरल्याशिवाय ते जिनाही उतरले नव्हते.

आम्ही मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या बदलीने जयपूरला आलो आणि इथेच राहिलो. उभा जन्म इंजिन चालवलेला माणूस... आता दिवसभर खुर्चीत.

सुरुवातीला माझ्यासोबत बाजारात आले की पैसे तरी स्वतः द्यायचा त्यांनी प्रयत्न केला होता. पण फळवाल्याच्या क्यूआर कोडवर कॅमेरा धरता येईना... फोन कधी केळ्यांवर, कधी हवेत. मागच्या माणसाने "लाइए अंकल" म्हणत फोन हातातून घेतला आणि स्वतःच स्कॅन केलं. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून यांनी फोन खिशात ठेवणंच सोडलं.

मागच्या महिन्यात आमच्या मुलीने, मेघनाने, त्यांच्या फोनवर टॅप करून पैसे द्यायची सोय करून दिली. यात नेम धरायला नको. बोट लावून फोन उघडायचा आणि दुकानदाराच्या मशीनला टेकवायचा, बस. माझ्यासोबत मेडिकलमध्ये त्यांनी ते करून पाहिलं. जमलं.

रविवारी म्हणाले, "आज तू येऊ नकोस."

"अहो, पण..."

"मेडिकल रस्त्याच्या आपल्याच बाजूला आहे. जाऊ दे मला."

काठी घेऊन निघाले. मी बाल्कनीतून बघत होते. कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले.

आमचं खातं दोघांचं, पण बँकेचे मेसेज माझ्या फोनवर येतात. थोड्या वेळाने फोन वाजला. मेडिकलचं नाव... पोचले! मी चहा टाकला.

चहा गार झाला तरी यांचा पत्ता नाही. फोन केला, उचलला नाही. चपला घालून जिना उतरायला लागले, तोच दुसरा मेसेज आला. कचोरीच्या दुकानाचं नाव होतं. ते दुकान मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे... तो रस्ता मीसुद्धा जीव मुठीत धरून ओलांडते.

मी जिन्यातच बसले. रडू फुटलं... भीतीने की आणखी कशाने, मलाच कळेना.

मग फाटकाशी जाऊन उभी राहिले. हे भिंतीच्या कडेकडेने, काठी टेकत येत होते. हातात पिशवी.

"रस्ता कसा ओलांडलात?"

"विचारलं, कोई पार करा देगा क्या? एका बाईंनी हात धरून नेलं. येताना दुकानातले भैया रस्त्याच्या या बाजूपर्यंत आले सोडायला."

नजर गेल्यापासून या माणसाने बाहेर कुणाकडे मदत मागितली नव्हती. घरातही पाणी मागताना अवघडायचे...

"आणि फोन का नाही उचललात?"

"एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्या बाईंचा हात. कसा उचलणार?" मग म्हणाले, "म्हणून तर दुकानात गेल्या गेल्या आधी पैसे दिले. म्हटलं, तुला कळेल मी कुठवर पोचलोय."

तो मेसेज मी पुसलेला नाही. त्या बाईंचं नाव आम्हाला माहीत नाही... कधी भेटल्या, तर त्यांचा हात मला एकदा माझ्या हातात घ्यायचा आहे.