टेबलाखालून दुसरी पास

लॉकडाऊनमध्ये पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्ग मीच पास झाले. पोरगी फक्त समोर बसत होती.

आमच्या प्रताप नगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर मोबाईल टेकवलेला. त्याच्यासमोर वर युनिफॉर्मचा शर्ट अन् खाली घरची चड्डी घालून लेक. आणि टेबलाखाली उशी टाकून मी, हातात गणिताचं पुस्तक. मॅडमनी प्रश्न विचारला की मी तिच्या पायाला चिमटा काढायची, म्हणजे हात वर कर. मग हळूच उत्तर कुजबुजायची. आणि मी एकटी नव्हते हो! स्क्रीनवरची झाडून सगळी पोरं उत्तर देताना तिरपी पाहायची. कुणाची आई डावीकडे, कुणाची उजवीकडे. मॅडमना कळत नसेल का? पण त्या बिचाऱ्या काय करतील.

नवऱ्याची कंपनी हिंगण्याला. एकदा तो दुपारीच घरी आला अन् वाकून पाहिलं. "काहून वं, टेबलाखाली काय करून राहिली तू?"

"क्लास सुरू आहे. चूप बसा ना जी!"

खरं सांगू? मला भीती वाटायची. रस्त्यावरून अँब्युलन्स गेली की मी खिडकी लावून घ्यायची, नवरा ड्युटीवरून येईपर्यंत जीव टांगणीला. त्यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. पोरीचं उत्तर तेवढं होतं. ते मी एकदाही चुकू दिलं नाही.

शाळा उघडली, पोरगी तिसरीत गेली. पंधरा दिवसांत मॅडमचा फोन आला. "ताई, प्रश्न विचारला की ती आधी बाकाखाली बघते. मला वाटलं, पेन्सिल पडली. मग विचारलं, काय शोधतेस बाळा? तर म्हणते, आई."

मी आधी खो खो हसले. फोन ठेवला आणि हसू जिरलं. एक अक्षर बोलत नव्हती हो ती वर्गात. घरात दिवसभर चिवचिव करणारी माझी पोरगी तिथे मुकी होऊन बसली होती, आणि हे मीच करून ठेवलं होतं. सांगणार कुणाला?

"एकदा येऊन बघा," मॅडम फोनवरच म्हणाल्या होत्या. शुक्रवारी गेले आणि व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. लोकांचे मास्क सुटले होते, माझा मात्र अजून हनुवटीवर असायचाच. मॅडमनी नेमकं तिलाच उठवलं. "सांग, महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?"

तिने बाकाखाली पाहिलं. मग इकडे तिकडे. मग तिला खिडकीत मी दिसले, आणि डोळे असे चमकले तिचे! शेकरू, शेकरू, माझ्या ओठांवर आलंच होतं. दोन वर्षांची सवय ती, अशी थोडीच जाते? मी झटकन मास्क नाकापर्यंत ओढला आणि आत ओठ दातांखाली धरले.

ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"वाघ!"

इतक्या जोरात, की मागच्या बाकावरचं पोरगं दचकलं.

"नाही बाळा, शेकरू. मोठी खार असते ती."

"खार?" माझ्या पोरीने कमरेवर हात ठेवले. "मॅडम, आपल्याकडे एवढे वाघ असताना खार काहून?"

सगळा वर्ग हसला, मॅडम हसल्या, तीही हसली. पुढच्या प्रश्नांना तिने हात खाली घेतलाच नाही. निम्मी उत्तरं चुकवली.

घरी येताना गाडीवर मागून विचारते, "आई, तुले येत होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू सांगितलं ना मस्त."

"चुकलं तर होतं!"

"चुकू दे वं."

तिने बाजूने वाकून आरशात माझं तोंड पाहिलं. "मग तू रडून काहून राहिली?"

आता याचं उत्तर मला तरी कोण टेबलाखालून सांगणार?